शूकाकांची मैफल

गाणं कसं ऐकावं हे साऱ्या जगात फक्त आपल्यालाच कळतं, असं शूकाकांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी आजवर कुणाला सांगितलं मात्र नव्हतं, कारण ते भयंकर लाजाळू होते.

त्यांचं आयुष्य वाचनालयात गेलं. टेबलामागे बसायचं आणि कुणी कुजबुजलं की ओठांवर बोट ठेवून "श्श्श!" करायचं. म्हणून वाचक त्यांना मागून शूकाका म्हणत. निवृत्तीनंतर श्श्श करायला घरात एकच माणूस उरलं, आणि ते कुणाचंच ऐकणारं नव्हतं. ते माणूस म्हणजे काकू!

एकदा सुट्टीत आलेल्या सुनेने त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. "बाबा, इथे तुम्ही गाणं लावलंत की कुणीही तुमच्या खोलीत येऊन तेच गाणं तुमच्याबरोबर ऐकू शकतं."

"बसणार कुठे?" काकूंनी आतून विचारलं. "खुर्ची एकच आहे!"

"फोनमधली खोली हो, आई!"

शूकाकांनी घाबरत घाबरत एक जुनं संथ गाणं लावलं. पडद्यावर एक गोल चेहरा उगवला. मग दुसरा. कडवं संपून बासरीची ती एक हळवी जागा आली, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी एक लाल बदाम पाठवला! शूकाकांच्या अंगावर सरसरून काटा आला. ती जागा आपल्या एकट्याची आहे असं ते जन्मभर समजत होते. वाचनालयात शंभर माणसं शंभर पुस्तकं वाचत बसतात. इथे कुठली कोण माणसं एकच ओळ, एकाच श्वासात ऐकत होती! ज्यांच्याकडे आजवर मुद्दाम असं कुणी आलंच नव्हतं, त्या शूकाकांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात काकू आल्या. "अहो, ओला टॉवेल पुन्हा पलंगावर? पलंगाला सर्दी झाली तर काढा कोण करणार?"

"श्श्श!"

"मला श्श्श करायचं नाही! मी काय पुस्तक बदलायला आलेय?"

पडद्यावर बदामांचा नुसता पाऊस पडला. 'बासरी!' शूकाका भारावून पुटपुटले. 'काय ही जाण लोकांना!'

मग रोज संध्याकाळी मैफल. साखरेच्या डब्याला मुंग्या लागाव्यात तसे चेहरे वाढत गेले. शेवटी अ‍ॅपवाल्यांनी त्यांची खोली पहिल्या पानावर झळकवली. आता रविवारची मैफल अशी करायची की ऐकणाऱ्यांनी कान धरून नतमस्तक व्हावं! त्यांनी काकूंना शेजारच्या गल्लीत त्यांच्या बहिणीकडे धाडलं. खिडक्या लावल्या, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला, फ्रिजसुद्धा बंद केला. घरात अशी शांतता पसरली की वाचनालयानेही लाजावं.

जपून ठेवलेलं सर्वांत सुंदर गाणं त्यांनी लावलं. चेहरे आले. थोडे थांबले. आणि लग्नात जेवणं आटोपल्यासारखे भराभर उठून जाऊ लागले!

खाली अक्षरं उमटली. "आज घरी कुणी नाही का?" "टॉवेल वाळला का?" "काकू बऱ्या आहेत ना?"

शूकाकांनी टेबलावरच्या जुन्या फोनवरून सुनेला गाठलं. "अगं, हे लोक तुझ्या सासूबाईंना कसे ओळखतात?"

"बाबा, पडद्यावरचा तो माईक हिरवा आहे का?"

"पहिल्या दिवसापासून! हिरवा म्हणजे सगळं ठीक, नाही का?"

"हिरवा म्हणजे चालू, बाबा!"

शूकाकांना घाम फुटला. तेवढ्यात आणखी एक ओळ आली. "मी परक्या शहरात एकटी राहते. माझ्या खोलीत मला कुणी रागावत नाही. तुमच्याकडे आलं की गाणं घरात वाजतंय असं वाटतं."

ती ओळ त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. चेहरे गळतच होते. लाज बाजूला ठेवून त्यांनी काकूंना बहिणीकडे फोन लावला.

"तू लगेच ये. लोक तुझी वाट बघताहेत." आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

पलीकडे काकू गप्प! लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. आता आपलं काही खरं नाही, असं शूकाकांना वाटलं. मग हळूच आवाज आला, "किती लोक आहेत?"

काकू केस नीट करून, ठेवणीतली साडी नेसून आल्या. फोनसमोर ताठ बसल्या आणि शाळेच्या बक्षीस समारंभात बोलावं तसं बोलल्या, "नमस्कार. आमच्या घरी सगळे अगदी हळू बोलतात."

उरलेल्यांतलेही निम्मे निघून गेले.

"ओरड ना!" शूकाका कुजबुजले.

"इश्श! चारचौघांत?"

आता शेवटचे चारपाच चेहरे उरले. त्यांत ती परक्या शहरातली मुलगीही होती. शूकाका ताडकन उठले, न्हाणीघरात गेले, टॉवेल नळाखाली धरला आणि निथळता तसाच आणून पलंगाच्या मधोमध पसरला.

"अहोऽऽ! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"श्श्श!" शूकाका आशेने म्हणाले.

मग जे काही सुरू झालं, त्याने पडदा बदामांनी लालेलाल झाला!

तेव्हापासून मैफलीआधी टॉवेल भिजवायचं काम शूकाकांकडे आहे. कधीकधी त्या धांदलीत गाणं लावायचं राहून जातं. अजून कुणाची तक्रार आलेली नाही.