सोळा हजार एकशे सेहेचाळीस

रंजिताने आकडेवारीच्या प्रोग्रॅममधून लसीकरणाची यादी एक्सेलमध्ये काढली आणि तिचा हात माऊसवरच थबकला. मघाशी छान '१६ मार्च २००४' दिसणारी देवळीची तारीख आता '१६१४६' झाली होती. पुढच्या आठ गावांचंही तसंच.

बोरगाव मेघेतल्या आरोग्य प्रकल्पात ती नवी होती. मागच्या खेपेला गोवरच्या लसीला निम्मीसुद्धा बाळं आली नव्हती. या खेपेला एकही सुटू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

लसीच्या तारखेच्या चिठ्ठ्या गावोगाव वाटणारे श्रावणभाऊ पडद्यात डोकावले. "ताई, हे फोन नंबर हायेत काय?"

"तारखा हायेत, भाऊ."

तिने रकाना निवडून तारखेचं बटण दाबलं. देवळीसमोर आलं १५ मार्च १९४४.

"म्हंजे पोट्टे साठीचे झाले," श्रावणभाऊ म्हणाले. "लस काऊन देता? पेन्शन द्या!"

रंजिता हसली नाही. तिने सगळ्या ओळींत हाताने १९४४ च्या जागी २००४ टाकलं, साल दोनदा तपासलं आणि चिठ्ठ्या छापल्या.

आकडेवारीचा प्रोग्रॅम दिवस १९६० पासून मोजायचा, एक्सेल १९०० पासून. त्या ओढाताणीत साठ वर्षांसोबत एक दिवसही हरवला होता. हे तिला सोमवारी देवळीहून फोन आला तेव्हा कळलं. देवळीला साठेक बाया बाळं घेऊन हजर होत्या आणि लस येणार होती मंगळवारी!

रंजिता मिळेल त्या बसने देवळीला धावली. नातीला कडेवर घेतलेल्या आनंदाबाईंनी चिठ्ठी तिच्या नाकासमोर नाचवली. "हरबऱ्याची सोंगणी सोडून आली मी! हे पाय, तुह्याच कागदावर हाये पंधरा!"

"चूक माही हाये, मावशी. उद्या या."

"येतोच! अन् आज ज्या नाई आल्या त्याइलेबी घेऊन येतो. पाहू लस कशी नाई भेटत!"

दिवसभर बाजारात, पाणवठ्यावर, ओट्यांवर त्या चिठ्ठीचाच उद्धार चालला. मंगळवारी यादीतलं एकूण एक बाळ आलं. वर यादीत नसलेली एकवीस.

संध्याकाळी रंजिता प्रकल्पप्रमुख रूपरावांसमोर मान खाली घालून उभी राहिली. "सर, बाकीच्या आठ गावांच्या चिठ्ठ्या मी आत्ताच दुरुस्त करते."

रूपराव हजेरीचा कागद तिसऱ्यांदा वाचत होते. "हात नको लावू त्याइले. आठही गावं एक दिवस आधीच येऊ दे. फक्त आदल्या दिवशी शिव्या खायले तूच जाजो."

रंजिताने वही उघडली आणि आठही गावांच्या बसच्या वेळा उतरवून घ्यायला सुरुवात केली.