लोखंडी बैलावरचा पहारा

शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. शाळा आठवीत सुटली, त्यानंतर शाळेत जाणं होतं ते फक्त मतदानाला. मोठे शब्द येत नाहीत, म्हणून साध्या शब्दांत सांगतो. गोष्ट आमच्या अहमदपूरच्या सुदर्शनची आहे. नाव बदलून सांगणार होतो, पण अख्ख्या तालुक्यात लोखंडी बैल एकट्याकडेच आहे, तेव्हा बदलून उपयोग नाही.

सुदर्शन मोंढ्यात एका आडतीवर वजनकाट्यापाशी होता. दिवसभर दुसऱ्यांची पोती तोलायची आणि संध्याकाळी घरी येऊन नटबोल्ट मंडळाच्या कामाला लागायचं. हे मंडळ म्हणजे मिशा आलेल्या माणसांचा खेळ. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, चाकं, दांडे हे सगळं नटबोल्टने जोडून कुणी क्रेन करतो, कुणी मळणी यंत्र. (घरच्या बायका याला बिनवासाचं व्यसन म्हणतात.) यंदा मंडळाचं प्रदर्शन लातुरात होतं, आणि सुदर्शनने ठरवलं की आपण बैल करायचा. नुसता उभा नाही, पाय उचलून चालणारा.

त्यासोबत त्याने आणखी एक बारीकसं ठरवलं, की आतली करामत कुणालाही सांगायची नाही. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

बैल होता पलीकडच्या खोलीत, आणि त्या खोलीवर त्याच्या वडिलांचा, शेषेरावांचा डोळा होता.

“सोयाबीन घरात यायलंय,” शेषेराव म्हणाले. “पोती कुठं ठिवू? तुझ्या डोस्क्यावर?”

“आबा, लातूरचं तेवढं होऊ द्या.”

“मी येतो लातूरला. तुझा बैल चालला तर खोली तुझी. न्हाई चालला तर खोलीत पोती, अन् तुझं लोखंड भंगारवाल्याला.”

झालं. सुदर्शनची झोप गेली. खोली गेली तर बसायचं कुठं, आणि बसायला जागा नाही तर मंडळात राहायचं कसं? आता बैलाला जपलं पाहिजे. जपायचं म्हणजे कुणापासून तरी जपावं लागतं, आणि तसा माणूस शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. गल्लीतच गुरुलिंग राहत होता.

गुरुलिंगचं मोटार वाइंडिंगचं दुकान. मंडळात त्याची क्रेन दरवर्षी नावाजली जायची. हा गुरुलिंग हल्ली काही काम नसताना घरी यायला लागला होता. यायचा, चहा प्यायचा, खोलीच्या दाराकडे बघायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि “जाऊ दे, मागून बोलू” म्हणून निघून जायचा.

“बघितलंस?” सुदर्शन बायकोला, करिश्माला म्हणाला. “दाराकडं बघून राहिला होता.”

“दार समोरच हाय की ओ. बसलं की दिसतंय.”

“तुला न्हाई कळायचं. क्रेनवाल्याला बैल कशाला बघायचा असतो?”

त्याने दाराला कडी बसवली, कडीला कुलूप लावलं आणि कुलपावर पिठाचं बोट टेकवलं, म्हणजे कुणी हात लावला तर कळेल. (दुसऱ्या दिवशी पीठ मुंग्यांनी नेलं. त्याचाही संशय गुरुलिंगवरच आला.) मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी फोटो टाकले, याने बैलाच्या शेपटीचा टाकला. सगळ्यात मोठं शहाणपण म्हणजे त्याने बैल चालवून बघायचंच बंद केलं. गुरुलिंग नुसत्या आवाजावरून मोटार ओळखतो, गिअर ओळखायला त्याला कितीसा वेळ लागेल?

मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली, सुदर्शनला घरी यायला उशीर व्हायला लागला. मग त्याने करिश्माला पहाऱ्यावर बसवलं.

“ध्यान दे. त्यो येऊन माझे नट ढिले करंल. एक नट ढिला झाला की बैल खलास.”

“मग मी काय करू?”

“रोज बघत जा. ढिलं कायबी राहू द्यायचं न्हाई.”

करिश्मा काम अंगावर घेतलं की तडीस नेणारी. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिने लावलं की पुन्हा तीच उघडू जाणे. तिने मान हलवली आणि सुदर्शन निश्चिंत झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी बैलाला जुन्या लुगड्यात गुंडाळून नवरा-बायको आणि शेषेराव असे तिघं एसटीत बसले. मागच्या बाकावर गुरुलिंग क्रेनची पेटी घेऊन बसला होता. खड्डा आला की तो पुढे वाकायचा.

“जड झालं आसंल, दे की इकडं.”

“नको.”

“आरं, मी धरतो थोडा वेळ.”

“नको म्हणलं ना!” सुदर्शनने बैल असा छातीशी धरला की कंडक्टरने विचारलं, “पाव्हणं, आजारी हाय काय कुणी?”

लातुरात हॉल भरलेला. कुणाचा पाळणा फिरत होता, कुणाची आगगाडी बोगद्यातून जात होती, गुरुलिंगची क्रेन डाळीची पुरचुंडी उचलून अलगद खाली ठेवत होती. सुदर्शनची पाळी आली. लुगडं सोडलं, बैल उभा राहिला आणि लोकांनी “आहाहा” केलं. शेषेराव गर्दीतून पुढे आले.

सुदर्शनने बटण दाबलं.

मोटार घुं... करून ओरडली. बैल हलला नाही. त्याने पुन्हा दाबलं. बैल थंडी भरल्यासारखा थरथरला, एक खूर अर्धा इंच उचलला, विचार बदलल्यासारखा परत ठेवला आणि सावकाश एका कुशीवर आडवा झाला.

“बसका बैल हाय,” शेषेराव म्हणाले. त्यांनी जन्मभर बैल पारखले होते, लोखंडाचा आहे म्हणून ते सूट देणार नव्हते. “मी बाजारातून असला आणला असता तर तुझ्या आईनं मला दारात घेतलं नसतं.”

लोक हसले. मागून कुणी म्हणालं, “वैरण टाका थोडी.” सुदर्शनच्या डोळ्यांपुढे खोली पोत्यांनी भरत चालली. तो गर्रकन वळला.

“गुरुलिंग! काय केलंस तू माझ्या बैलाला?”

“मी?”

“रोज घरी येत होतास ते उगंच? दाराकडं बघत होतास! गाडीत हात लावायला बघत होतास! कुणी पाठवलं तुला?”

गुरुलिंग लालबुंद झाला. मग खाली बसला आणि त्याने बैलाचा पाय बोटाने हलवून बघितला. पाय हलेना. दुसरा बघितला, तोही हलेना.

“सुदर्शन, हे नट कुणी आवळले?”

“म्या,” करिश्मा पुढे येऊन म्हणाली. चेहरा अभिमानाने फुलला होता. “रोज आवळायचे, सकाळ-संध्याकाळ. एकबी ढिला ठिवला न्हाई. त्या पायांतले तर लई ढिले झालते, माझ्या हाताला फोड आला.”

“वहिनी, त्यो सांधा हाय. सांध्यातला नट मुद्दाम सैल ठिवायचा असतो, तवा तर पाय हलतंय. याने तुम्हाला सांगितलं न्हाई?”

“न्हाई. त्यांनी सांगितलं, गुरुलिंगभाऊ येऊन ढिले करतील, तू ध्यान दे.”

आता अख्खा हॉल सुदर्शनकडे बघायला लागला. गुरुलिंग तर जास्तच.

“मी ढिले करायला येत होतो?”

“मग कशाला येत होतास?” सुदर्शनचा आवाज बराच खाली आला होता.

“माझा बारका पान्हा नेलास तू पोळ्याच्या आधी. क्रेन त्याच्याविना अडली होती, शेवटी पकडीवर भागवलं. मागायची लाज वाटायची, म्हणून चहा पिऊन परत जात होतो.”

करिश्माने पर्स उघडली. “हा का ओ?”

“हाच!” गुरुलिंग ओरडला. हरवलेलं वासरू दिसावं तसा.

आता सगळ्या मंडळापुढे सुदर्शनला आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य बोलावं लागलं. तो गुरुलिंगच्या शेजारी खाली बसला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, “गुरुलिंग, जरा ढिले करून देतोस का?”

गुरुलिंगने करून दिले. मनात राग होता तरी हात हलका होता. (दोन नट मात्र त्यालाही सुटले नाहीत, ते करिश्मानेच सोडवून दिले.) बटण दाबलं आणि बैल चालला. मान डोलवत, एकेक पाय उचलत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आबा, चालला.”

“चालला की,” शेषेराव म्हणाले. “शब्द म्हणजे शब्द. पोती मी पडवीत टाकतो. पण बैल चालवला गुरुलिंगनं अन् सूनबाईनं. खोली त्या दोघांची. गुरुलिंग, उद्यापासून तुझी क्रेन इकडंच घेऊन ये.”

“आन् मी?” सुदर्शन म्हणाला.

“तू त्यांना इचार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शन लवकर उठला. त्याने खोली झाडून घेतली, क्रेन मांडायला टेबल पुसून दिलं आणि मोंढ्यात जायच्या आधी स्वतः चहा केला. दार लोटलेलं होतं. आत क्रेनचा पाया डगमगत होता, करिश्मा पान्हा घेऊन तो आवळत होती आणि गुरुलिंग “बास वहिनी, बास, पट्टी वाकंल” म्हणत होता. सुदर्शन ट्रे घेऊन उंबऱ्यावर थांबला.

“येऊ का आत?”

“चहा ठिवा तिथंच,” करिश्मा मान वर न करता म्हणाली, “अन् जाताना दार ओढून घ्या.”