दोन बोटं माया

दवाखान्यातून फोन आला तेव्हा टेलर मास्तर गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते. बायको गेली, एवढंच कळलं. टेप हातात तशीच धरून ते धावले.

त्यानंतर त्यांना फरशीसुद्धा पाण्यासारखी हलताना दिसू लागली. नवरा-बायको दोघांनी कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद बोटीतून, समुद्राच्या काठाकाठाने जायचं, वाळूवर तंबू ठोकून राहायचं, असा बेत होता. मास्तरांनी एकट्यानेच जायचं ठरवलं.

"भावोजी, माप नीट बघून घ्या हं," बोट घ्यायला दुकानापर्यंत सोबत निघालेली मेहुणी म्हणाली.

"माप? हे तू मला सांगतेस?"

दुकानात बोटवाल्याने विचारलं, "किती दिवस मुक्काम?"

"चार-पाच."

"मग ही लांब घ्या. तंबू, पाणी, स्टोव्ह, सगळं पोटात जाईल. आत बसून बघा."

मास्तर बसले. म्हणजे धाकट्या भावाच्या पँटमध्ये शिरावं तसे शिरले. कंबर चाचपून त्यांनी मान हलवली.

"माया सोडलेली नाही."

बोटवाल्याच्या कानावर सगळं आलं होतं. तो हळूच म्हणाला, "काका, माया अशी लगेच सुटत नाही."

"निदान दोन बोटं तरी सोडायची."

"सुटेल हळूहळू. माझ्या वडिलांना फार वेळ लागला."

"तेही शिंपी होते?"

बोटवाल्याने मेहुणीकडे पाहिलं. "अहो, माया म्हणजे शिवणीत ठेवतात ते जास्तीचं कापड," मेहुणी म्हणाली आणि हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मग माया नकोच," बोटवाला म्हणाला. "सैल बोटीत माणूस आतल्या आत घरंगळतो. अंगाला लागून असली तरच ती आपलं ऐकते."

मास्तरांनी डोळे मिटले. फरशी संथ हलू लागली. पुढे कोणीतरी ओळखीच्या पाठीचं वल्हं मारत होतं. पाणी गार आहे, ती म्हणाली.

"भावोजी, उठा आता."

उठता येईना. दोघांनी दोन बाजूंनी काखेत हात घालून ओढलं, तर मास्तरांबरोबर कयाकही उठली, शेपटी फिरली आणि लाइफ जॅकेटांचा अख्खा स्टँड मेहुणीच्या अंगावर आला.

"हीच द्या," मास्तर बोटीतूनच म्हणाले. "अंगावर बसलीय."

कयाक आता शिलाई मशीनशेजारी आडवी पडून आहे. तंबूही शिवून झाला. पोहायला बायको शिकवणार होती. ते राहिलंय.