भिंतीतल्या पिंपळांची पाहणी

वर्तककाका बसमधून भिंतींना नमस्कार करतात. देवळांना नाही, भिंतींना. खिदिरपूरहून धर्मतल्याकडे जाताना एखाद्या जुन्या घराच्या चिरेत पिंपळाचं रोप दिसलं की त्यांचा हात आपोआप कपाळाशी जातो. शेजारी बसलेल्या बाईंना वाटतं की एखादं कालीमंदिर आपल्या नजरेतून सुटलं, म्हणून त्याही घाईघाईने हात जोडतात. एकदा माझ्या डोळ्यांसमोर अर्ध्या बसने पाणी गळणाऱ्या एका गोदामाला नमस्कार केला होता.

आमच्या इमारतीतले बंगाली लोक त्यांना ‘गाछबाबू’ म्हणतात, म्हणजे झाडवाले. मी त्यांना काका म्हणतो, कारण तीन मजल्यांच्या या इमारतीत मराठी घरं दोनच. तिसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांच्या बरोबर खाली आम्ही. बँकेने माझी बदली कलकत्त्याला केली तेव्हा स्टेशनवर घ्यायला तेच आले होते.

गंमत अशी की पिंपळ मारणं हा काकांचा एके काळचा पेशा. रेल्वेत ते पुलांचे निरीक्षक होते. गार्डन रीचच्या कचेरीतून निघायचं, ट्रॉलीवरून पूल तपासत जायचं आणि खांबांच्या सांध्यात उगवलेला प्रत्येक पिंपळ उपटायचा. “तीस वर्षं मी त्याला मारलं, सोमण,” ते मला सांगतात. “कापला, भोक पाडून तेजाब ओतलं, वर सिमेंट भरलं. ना माती, ना पाणी, डोक्यावरून गाडी धडधडतेय. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर जावं तर हा हजर. माझ्या हाताखालचे लोक कधी इतके नियमित आले नाहीत.” निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण करून शाल दिली. काका म्हणतात, खरं तर ती शाल पिंपळाला द्यायला हवी होती.

इथवर ठीक होतं. पण काका लोकांना झाडं लिहून देतात, डॉक्टर औषध लिहून देतात तशी. कुणावर काही वाईट गुदरलं की काका दारात हजर. सांत्वन वगैरे करत नाहीत. “तीन दिवस पाहणी करा, मग बोलू,” म्हणतात आणि पत्ता सांगतात. टाळेबंदीत तळमजल्यावरच्या सेनबाबूंचं छापखान्याचं दुकान कायमचं बंद झालं. काकांनी त्यांना फोर्ट विल्यमच्या बाजूला, मैदानातल्या एका झाडाकडे धाडलं. वादळात ते आडवं झालं होतं आणि पडल्या जागेवरून वर फुटत होतं. सेनबाबू मला म्हणाले, म्हाताऱ्याला चार शब्द सुनवायचेत, पण तिथे न जाता सुनवलं तर बरं दिसणार नाही. गेले. परत आले ते फांद्या मोजून. काका एवढ्यावर सोडत नाहीत. नवे फुटवे कोणत्या बाजूला? पानाचा रंग? मुंग्या होत्या का? सेनबाबू दुसऱ्या दिवशी मुंग्या बघायला पुन्हा गेले.

मलाही लिहून मिळालं होतं. दुसऱ्यांदा बढती हुकली तेव्हा काकांनी मला गल्लीच्या टोकाचा शेवगा बघायला लावला. “शेंगांसाठी मोडतात, पाल्यासाठी ओरबाडतात, फुलंसुद्धा तळून खातात. वारा आला की उरलेला पडतो. त्याच्यापेक्षा तुमचं काय वाईट झालंय?” मी तीन दिवस शेवग्यासमोर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी ज्यांच्या दारात तो शेवगा होता त्या बाईंनी विचारलं, दादा, शेंगा हव्यात की कुणावर नजर ठेवताय?

बागबाजार काकांचं विशेष लाडकं. तिथल्या जुन्या घरांच्या गच्च्यांवर पिंपळ भरपूर. मराठे शहरात शिरू नयेत म्हणून त्या बाजूला पूर्वी मोठा खंदक खणला होता म्हणे. आपले लोक त्या खंदकापर्यंत आलेच नाहीत. “मी पोचलो,” काका म्हणतात, “बसने.”

आता मी जे केलं ते सांगतो. हसत हसत सांगण्यासारखं ते नाही.

काकांच्या घराच्या मागच्या भिंतीतही एक पिंपळ होता. खिडकीशेजारी, पावसाच्या पाइपाला टेकून. हातभर उंच, पण मुळं थेट आमच्या भिंतीत उतरली होती. आमच्या कपाटामागे ओल आली, माझ्या बायकोच्या, माधवीच्या, दोन पैठण्यांना बुरशी लागली. माधवी म्हणाली, ज्या माणसाने देशभरचे पूल वाचवले त्याला माझं कपाट वाचवता येत नाही? मी इमारतीचा सेक्रेटरी. बैठकीत विषय काढला. काका म्हणाले, धोका मला तुमच्यापेक्षा जास्त कळतो, वेळ आली की मीच काढीन. दोन वर्षं ती वेळ आली नाही.

वर्तककाकू तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. पक्षाघात. मी सुरुवातीला एकदा सफरचंदं घेऊन बघायला गेलो होतो. नंतर गेलो नाही. काय बोलावं सुचत नाही, एवढंच कारण. रोज त्यांच्या खाली झोपायचो आणि गेलो नाही.

या वर्षी दुर्गापूजेच्या आधी इमारतीला रंग द्यायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात काकूंच्या छातीत कफ भरला. स्ट्रेचर जिन्यातून उतरवत होते. काकांनी माझा हात धरला. मला वाटलं, रक्त लागेल किंवा कुणाला फोन करायचा असेल. ते म्हणाले, “परांची बांधतील. पण पिंपळाला हात लावू देऊ नका. मी येऊन बघतो.” मी हो म्हटलं. तेही मनापासून म्हटलं.

पाचव्या दिवशी निमाई मिस्त्री परांचीवर काकांच्या खिडकीपाशी पोचला. मी खाली चहाचा कप घेऊन उभा. त्याने वरून विचारलं, “काटबो, दादा?” कापू का? मला तोंडाने काही बोलावंही लागलं नाही. मी होकारार्थी मान हलवली.

मूळ निघालं ते हातापेक्षा लांब, विटांमध्ये दबून पोळीसारखं चपटं झालेलं. निमाई तेजाब ओतणार होता, ते मी नको म्हटलं. दया म्हणून नव्हे. मला वाटलं, त्यामुळे माझा गुन्हा थोडा लहान होईल.

बारा दिवसांनी दोघं घरी आले. मी दोन दिवस जिन्यात कानोसा घेऊन मगच बाहेर पडत होतो. बावन्न वर्षांचा माणूस, बँकेत अडतीस लोक हाताखाली. तिसऱ्या दिवशी रविवार होता. माधवी म्हणाली, “पैठण्या माझ्या होत्या, पण शब्द तुमचा होता. वर जा.”

काकांनी दार उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. ते रागावतील, निदान गप्प होतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, मूळ किती निघालं? अखंड की तुटलं? तेजाब? नाही म्हटल्यावर मान डोलावली. मग मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं.

“तिला अजून सांगितलं नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “आल्यापासून पडदा उघडलेला नाही. डॉक्टरांनी उजेड नको सांगितलाय असं म्हणालो.” 

मग कळलं ते असं. रोज चार वाजता काका काकूंजवळ खुर्ची ओढतात आणि त्या दिवशीची पाहणी सांगतात. कुठल्या भिंतीत काय फुटलं, कुठे किती पानं आली. स्वतःचे गुडघे साथ देईनात तेव्हा त्यांनी आम्हाला धाडायला सुरुवात केली. सेनबाबूंच्या मुंग्या, माझा शेवगा, सगळं त्या खोलीत पोचलं होतं. “जी बाई कूस बदलू शकत नाही तिला मी काय सांगू, बटाटे महागले?” काका म्हणाले. “आणि खिडकीतला तो एकच तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचा.” त्यांनी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. “तुम्ही सांगा. मला जमत नाही.”

मी आत गेलो. काकूंचा चेहरा एका बाजूने स्थिर आहे, शब्द सावकाश येतात. मी पलंगाशी उभा राहून म्हटलं, काकू, तुमचं झाड मी कापायला लावलं.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “आले त्याच दिवशी कळलं. दुपारी पडद्यावर त्याची सावली पडायची.”

मला बसायला खूण केली. मग थांबत थांबत बोलल्या. त्यांना झटका आला तेव्हा काका महिनाभर याच खुर्चीत बसून होते. दाढी नाही, जेवणाचं भान नाही. मुलगी पुण्याहून येऊन रडून गेली. “मला बोलता येऊ लागलं तसं मी विचारलं, कोपऱ्यावरच्या भिंतीत ते रोप होतं, आहे का अजून? ते उठून बघायला गेले. दुसऱ्या दिवशी मी दुसरं विचारलं.”

“तुम्हाला आवडतात झाडं,” मी म्हटलं.

काकूंच्या ओठांचा एक कोपरा हलला. “मला पालकसुद्धा ओळखता येत नाही धड. पण ते दाढी करून बाहेर पडतात ना. एवढ्यात नुसते घरात बसलेत. त्यांना म्हणा, मला पिंपळाची फार आठवण येते. खिडकीतून दिसेल असा दुसरा हवाय.”

काका स्वयंपाकघरात तसेच उभे होते. काय म्हणाली, त्यांनी विचारलं. मी निरोप सांगितला. सगळा नाही, शेवटचाच. अर्धवट सांगूनही मला टोचत नाही अशी ही एकच गोष्ट.

त्यांनी गालावरून हात फिरवला, खुंट वाढले होते. मोरीत गेले, दहा मिनिटांनी गुळगुळीत गाल करून बाहेर आले आणि छत्री शोधू लागले. म्हणाले, मागच्या गल्लीच्या पलीकडची भिंत तिला दिसते, तिथे काही आहे का बघतो. “तोवर तुम्ही बसा तिच्याजवळ. बसाल ना?”

मी बसलो. पडदा बाजूला केला. खाली गल्लीत काका एकेक पाऊल जपून टाकत चालले होते. काकूंना तेवढं खालचं दिसत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“थांबलेत,” मी म्हटलं. “छत्रीच्या टोकाने भिंतीत काहीतरी टोकरतायत.”

“दाढी केलीय?”

“केलीय.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “सांगत राहा.”