डिंपलचा जुना आवाज माहेरी आला

आखाड लागला त्या सोमवारी डिंपल रणपिसेचा जुना आवाज आमच्या घरी माहेरपणाला आला.

मी चहा टाकत होते. दारातून आलं, "अक्का, आत येऊ का?" वळून बघितलं तर दारात कुणी नाही. पण तो आवाज मी कुठंही ओळखीन. इचलकरंजीत मागाच्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. आमच्या मागांच्या खडखडाटात शेजारीण बोंबलली तरी ऐकू येत नाही. डिंपलची कॅसेट लावली की ती तेवढी सगळ्याच्या वरून सुईसारखी यायची. म्हणून आम्ही तिच्या चाहत्या. गाण्यातलं आम्हाला बाकी काही कळत नाही.

"ये की," मी म्हटलं. "आधी पाय धू."

न्हाणीत पाणी वाजलं. मग कोपऱ्यातलं पोतं जरा दबलं, म्हणजे ती बसली.

आवाज असला तरी पोरगीच ती, विशी-बाविशीची. डिंपल आता पन्नाशीला आली, पण आवाज जेव्हाचा होता तेव्हाचाच राहिला. कोवळा. मी तिला ती म्हणूनच बोलणार, कुणाला खटकलं तर खटकू दे.

"तुला हाकललं का गं डिंपलनं?"

"नाही हो अक्का. ताईंच्या घशात दुसरी आलीय. जाड आहे, खालच्या पट्टीतली. नवा अल्बम सगळा तिचाच आहे. दोघींना जागा पुरेना. मीच म्हटलं, आखाड आहे, माहेरी जाऊन येते."

हे रीतीला धरून होतं. आखाडात नवी सून सासरी ठेवत नाहीत. मी पीठ मळायला घेतलं आणि कापण्या तळल्या. ती अधाशासारखी खात सुटली. घशात होती तोवर तेलकट बंद, आंबट बंद, गार बंद. लोणच्याचा वाससुद्धा घेऊ द्यायचे नाहीत म्हणे. ताटली रिकामी झाली, मग बरणीचं झाकण आपोआप उघडलं, आणि "अक्का, एकच फोड," असं म्हणत म्हणत तिनं निम्मी बरणी खाली केली. संध्याकाळी बर्फाचा गोळा मागितला. दिला. लोकाची पोर, खोकते का ते बघत मी बसलेच होते. खोकली नाही.

रविवारी आमच्या डिंपल चाहता मंडळाची सभा भरली. अध्यक्ष मीच. मोबाइलवर नवा अल्बम लावला. दोन गाणी झाली आणि बायांची तोंडं सुटली.

"सर्दी हाय काय गं हिला?"

"सर्दी कुठली, वय झालं. मशेरी लावून गातीया असं वाटतंय."

"मागावर तर एक अक्षर ऐकू यायचं न्हाई. ही गाणी काय उशीत तोंड घालून ऐकायची?"

फरीदा मुजावर तेवढी डोळे पुसत होती. फरीदा माझ्या शेजारच्या मशीनवर असते. "मला आवडलं," म्हणाली.

"तुला लग्नाच्या बँडनं पण रडू येतंय, गप बस," अंजना मगदूम म्हणाली.

ठराव झाला, अल्बम काढणाऱ्या कंपनीला कळवलाही. डिंपलनं जुना आवाज परत घशात बसवून घ्यावा, आणि मंडळानं तो सुखरूप पोचवावा. माझ्या शेजारच्या मोकळ्या खुर्चीतून बारीक आवाज आला, "माझ्यावरनं भांडू नका हो."

ठराव मी मांडला, पण मला तिला द्यायचं नव्हतं. खरं ते सांगते. कामावरून येऊन मी कुलूप काढायच्या आत आतून यायचं, "अक्का आल्या!" आजवर माझ्या घरात मला आतून कुणी हाक मारलेली नाही. पण आखाड सरला की माहेरवाशीण ठेवता येत नाही. सासरचं माणूस न्यायला आलं की ओटी भरायची आणि पाठवायची.

माणूस आलंच. श्रावण लागला आणि पांढरी गाडी आमच्या बोळात अडकली. तीतून डिंपल रणपिसे स्वतः उतरली, आणि मागून तिच्या कंपनीचे दिवेकर. मी आयुष्यभर त्या बाईला बघायला जीव टाकला होता आणि आता दार अडवून उभी राहिले.

दिवेकर म्हणाले, "आवाजाचा ताबा तुमच्याकडे आहे?"

"भाकरी खातीय. जेवण होऊ दे."

ते पोत्याकडे बघून अदबीनं थांबले. जेवण झाल्यावर म्हणाले, "लोकांना नवीन आवाज पसंत नाही. तुमच्याच मंडळाचा ठराव आहे. जुना बसवला नाही तर पुढचा अल्बम कंपनी काढणार नाही."

डिंपल मी दिलेल्या पाटावर बसली होती. काहीतरी बोलली. मागांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

"काय म्हटलंस गं बाई?"

ती पुन्हा तसंच बोलली. मला उठून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं. मग कळलं. ती म्हणत होती, आई दोन वर्षं अंथरुणाला होती. मोठ्यानं बोललेलं तिला सोसत नव्हतं. कानाशी तोंड नेऊन बोलत राहिले, बोलत राहिले, आणि ही जाड आवाजाची येऊन राहिली घशात. आई गेली तरी ही गेली नाही.

"मग हिला काढणार?"

"काढावी लागेल ना, अक्का."

जुनी उठली. पोतं वर आलं. "चला ताई," म्हणाली. शहाणी पोर, कुरकुर नाही. डिंपलनं तोंड उघडलं आणि ती आत गेली.

डिंपलनं जुन्या गाण्याची ओळ धरली. अर्धी ओळ बरोबर आली, अंगावर काटा आला माझ्या. मग तिच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी आलं. आतून पोरगी गुदमरल्यासारखी ओरडली, "अक्का, इथं सगळं दुसऱ्याचं सामान आहे! मी पाय कुठं ठेवू?"

"काही नाही," दिवेकर म्हणाले. "चार महिने राहू दे. सवय होईल."

माझं डोकं सरकलं.

"काय म्हणालात? सवय होईल? मी माहेरी आले की मला पण हेच सांगायचे. सवय होईल, जा. माझा बाप ओटी भरून मला एसटीत बसवायचा आणि पाठ फिरवून रडायचा. पण पाठवायचा! झाली का सवय? विचारा की मला!"

"बाई, ठराव..."

"अध्यक्ष मी हाय. मोडला ठराव. डिंपल, आ कर. पोरी, बाहेर ये."

ती बाहेर आली. डिंपलनं एवढा मोठा श्वास घेतला की चुलीतली राख हलली.

"ही हितंच राहील," मी म्हटलं. "जिथं मावत नाही तिथं माझ्या घरची पोरगी जायची नाही. आणि तू तुझी गा. ज्याला ऐकायचं तो जवळ येऊन बसेल."

"लोक नाही आले तर?" दिवेकरांनी विचारलं.

"तर कमी येतील."

दिवेकर गाडी बोळातून काढायला गेले. त्याला वेळ लागणार होता. डिंपलनं पदरानं तोंड पुसलं. ती मोकळी दिसत होती आणि चोरट्यासारखीही दिसत होती, सासूला न सांगता झोपलेल्या सुनेसारखी.

तेव्हा कोपऱ्यातून पोरीनं विचारलं, "ताई, आई जाताना काय म्हणाली? मी चढी म्हणून मला तेव्हा खोलीत येऊ द्यायचे नाहीत."

डिंपल उठून पोत्याजवळ जाऊन बसली. खाली वाकली आणि त्या खालच्या पट्टीत सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. मी चुलीपाशीच थांबले. मला एक शब्द ऐकू आला नाही, आणि ऐकायला मी जवळ सरकलेही नाही.

मग पोरगी रडली. तिचं रडणं सगळ्या मागांच्या वरून पार पलीकडच्या गल्लीत गेलं. फरीदा कांडी तशीच टाकून आली. अंजना आली. एकेक करत मंडळ जमलं. दोघींना मधे घेतलं आणि अगदी खेटून बसल्या.