उलट्या चालीच्या हत्तिणीने घाट सर केला त्याची हकिगत

चाकदेवतेस दंडवत; कुंभाराच्या एका चाकास आणि गाडीच्या चारी चाकांस दंडवत. शके १९१४, अंगिरानाम संवत्सर, वैशाख मासी घाटाखालील राज्यात जे वर्तले ते जैसे आठवते तैसे लिहिले आहे.

त्या राज्याच्या धनीण अनसाबाईसाहेब. यजमान बाळकोबा कैलासवासी होऊन तीन वर्षे जाहली होती. त्यांनी मागे ठेविली घागरींची एक भट्टी आणि एक पुराणी पिकअप गाडी, गोल नाकाची, हिरवी, जीस सारा मुलूख हत्तीण म्हणे. अक्षय्यतृतीयेस घरोघर पितरांच्या नावे घागर भरण्याचा रिवाज, म्हणोन आदले दिवशी घाटमाथ्यावर घागरींचा थोर बाजार भरे, आणि हत्तीण दरसाल माल घेऊन तेथे जात असे. त्या साली तिचे इंजिन फुटले. मग धाकटे दीर तात्याबा ओसरीवर येऊन बोलिले, "वहिनी, हिला मोडीत काढा. माल माझ्या टेम्पोत घाला. मी विकतो, तुम्ही घरी निवांत बसा." बाईसाहेबांनी मनी जाणिले की गाडी गेली म्हणजे बाजार गेला, आणि बाजार गेला म्हणजे घरात आपला शब्द गेला, मग मिठासाठीही दिराच्या तोंडाकडे पाहणे आले. आणि पंचांदेखत बोलिल्या, "भाऊजी, बाजारादिवशी, सोमवारी, दुपारी तीनच्या आत हत्तीण माथ्यावर पोचली नाही, तर किल्ली तुमच्या हाती देईन."

मग दस्तगीर मिस्त्री यांस पाचारण जाहले. त्यांनी एका उलटलेल्या जीपचे तरणे डिझेल इंजिन आणिले, साखळदंड लावून जुने उतरविले आणि नवे चढविले, आणि नव्या जोरास मागला आस पेलेना म्हणोन तोही खोलून दुरुस्त केला. रविवारी सारा गाव जमला. मिस्त्रींनी नारळ फोडोन पहिला गिअर घातला, तो हत्तीण मागे चालिली. दुसरा घातला, तो दुप्पट वेगाने मागे चालिली, आणि तात्याबांची कडब्याची गंजी जमीनदोस्त करून उभी राहिली.

तात्याबा बोलिले, "वा वहिनी! हत्तीण माघार शिकून आली की!"

मिस्त्री गाडीखाली शिरले आणि काळवंडल्या तोंडाने बाहेर आले. "मावशी, चूक माझी. आसातलं मोठं दातेरी चाक उलट्या अंगाला बसलं. आता सगळे गिअर उलटे. परत खोलायचं तर दोन दिवस पायजेत."

बाईसाहेब पुसत्या जाहल्या, "आणि मागं जायचा गिअर टाकला तर?"

"तर पुढं जाईल. पण तो एकच, मावशी. माणूस चालतो तशी चालंल."

"पुढं जातीया न्हवं? मग भरा घागरी."

सोमवारी उजाडताच कूच जाहले. मिस्त्री गाडी हाकावयास आणि बाईसाहेब शेजारी. तात्याबांचा टेम्पो त्यांच्या स्वतःच्या घागरी घेऊन धुरळा उडवीत पुढे गेला आणि त्यातून हाक आली, "वहिनी, माथ्यावर चहा सांगून ठेवतो, दूध नासायच्या आत या!" परंतु त्या गिअरास जोर ऐसा की हत्तीण घाटात कोठे अडली नाही, तापली नाही, आणि आत घागर घागरीस लागली नाही. वाटेने बाजारास निघालेल्या बायका गाडीबरोबर चालू लागल्या, आणि एकीने हात घालून घागरीवर टिचकी मारिली, आणि ती खणखणीत वाजली.

"केवढ्याला ग? थांबीव की गाडी!"

"थांबायचं कशाला? चालत चालत घे. आन् टिचक्या मारून भोक पाडू नको."

मग बाईसाहेब मागे पेंढ्यावर जाऊन बसल्या, आणि प्रत्येक वळणावर नवी वाडी येऊन मिळाली, आणि घासाघीस, हसणे, पोराबाळांच्या चौकश्या ऐशा चालिल्या की तीन वाजले तेव्हां दोन वळणे बाकी होती आणि गाडीत पेंढ्याखेरीज काही उरले नव्हते.

चारास हत्तीण माथ्यावर पोचली. तात्याबा घागरींच्या राशीपुढे टोपी मांडीवर ठेवून बसले होते. बोलिले, "सकाळी चार गेल्या, वहिनी. मग येईल त्याच्या हातात आधीच घागर!" बाईसाहेबांनी किल्ली पुढे केली. "उशीर झाला, भाऊजी. शब्द म्हंजे शब्द." तात्याबांनी किल्लीकडे पाहिले, मग रिकाम्या गाडीकडे पाहिले, आणि पुसले, "उद्याला दादाच्या नावाची ठेवली का एखादी?" बाईसाहेबांनी पेंढा चाचपला. शेकडो घरांच्या पितरांची सोय केली आणि घरच्या पितरास घागर नाही, हे ध्यानी येऊन त्यांचा चेहरा उतरला. तेव्हां तात्याबांनी आपल्या राशीतील उत्तम घागर निवडिली, टिचकी मारून पाहिली, आणि वहिनींच्या मांडीवर ठेविली. "किल्ली ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. माझा माल तेवढा हिच्यात घाला. उतारानं खपवू." आणि खपला.

पुढे मिस्त्रींनी चाक सुलट केले आणि तालुक्यास मोठे गॅरेज थाटले. ही चूक ते स्वमुखे सांगत आणि सर्वांआधी हसत. तात्याबांनी टेम्पो विकला आणि अकरा वर्षे हत्तिणीच्या पाठीवर बसून घागरींची आरोळी दिली. मग गुडघे गेले. बाईसाहेब बावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या आणि सत्तरीपर्यंत घाट चढल्या, त्या काळात घरात त्यांचा शब्द कोणी ओलांडला नाही. शके १९३५ त निजल्या ठिकाणी सुखाने गेल्या. हत्तीण हल्ली नातसुनेकडे असते. येणेप्रमाणे वर्तले.