कुल्फीच्या खोक्यातल्या वह्या

इरावती पागनीस देवासच्या एका मोठ्या संशोधन ग्रंथालयात ‘विशेष प्रकल्प व कार्यक्रम’ विभागाची प्रमुख होती. विभागात ती एकटीच असल्यामुळे प्रमुख होण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. तिच्या कार्यक्रमांना सहा माणसं येत, त्यांतली दोन नुसती पंख्याखाली बसायला. प्रकल्प मात्र यंदा खरोखर मोठा मिळाला होता. धारच्या उदाजीरावांनी संस्थानी नोकरीतल्या आपल्या पणजोबांच्या हस्तलिखित वह्यांची एक पेटी ग्रंथालयाला दिली होती. त्यांच्या घरी या वह्यांची दसऱ्याला पूजा होई. आत राजकारणाची गुपितं आहेत असं सगळे धरून चालत, पण उघडून कुणी पाहिलं नव्हतं.

“वह्या ग्रंथालयाबाहेर जाता कामा नयेत,” उदाजीरावांनी बजावलं होतं. “नीट सांभाळल्यात तर उरलेल्या दोन पेट्याही आपल्याच.”

त्या दोन पेट्यांसाठी इरावती काहीही करायला तयार होती. नोंदणी, क्रमांक, समितीची मंजुरी असं करता करता सहा महिने गेले आणि एकदाची पेटी उघडली. पहिल्याच वहीतून कसर तुरुतुरु पळाली.

कसरीवर उपाय ठरलेला. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून पंधरा दिवस उणे वीस अंशांत ठेवायच्या, की किडे मरतात. ग्रंथालयाच्या फ्रीजरची फाइल दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. तोवर कसरीने राजकारण फस्त केलं असतं. शेवटी तिने धाकट्या भावाचा मित्र अंशुल याला गाठलं. त्याचा कुल्फीचा कारखाना होता.

“खोक्यावर काही लिहू नकोस,” तिने बजावलं. “ग्रंथालयाचं नाव तर मुळीच नको. तुझ्याच कुल्फीच्या खोक्यात ठेव, म्हणजे कुणाला शंका यायला नको.”

शंका कुणालाच आली नाही. बाराव्या दिवशी सकाळी अकराला अंशुलचा फोन आला.

“दीदी, छोटीशी गडबड झाली. धारच्या एका लग्नात सहा खोके कुल्फी पाठवायची होती.”

“मग?”

“पाठवली. पण इथं एक खोका कुल्फी उरलीय.”

इरावतीला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. लागल्यावर ती खुर्चीतून उठली आणि परत बसली.

“अरे, ड्रायव्हरला फोन कर!”

“केला ना. तो बोलला, माल तो उतार दिया भिया, अब जीम रहा हूँ. जेवायला बसलाय.”

दोघं अंशुलच्या गाडीने धारकडे निघाले. “पिशव्या कुणी उघडल्या तर संपलंच,” इरावती म्हणाली. “गारठलेल्या कागदाला बाहेरची हवा लागली की त्याला घाम फुटतो.”

“दीदी, मलापण फुटलाय.”

घाटाबिल्लोदजवळ तिचा फोन वाजला. उदाजीराव होते.

“बाई, आपण कुठे आहात?”

“ग्रंथालयात, काकासाहेब.” नेमका तेव्हाच शेजारून ट्रक भोंगा वाजवत गेला.

“मग ताबडतोब धारला या. मी एका लग्नात आलोय. आमच्या वह्याही आल्यात.”

उरलेल्या रस्त्यात इरावतीने मनातल्या मनात राजीनामा लिहिला. अंशुलने त्यात दोन सुधारणाही सुचवल्या.

मंगल कार्यालयात जेवणाच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. पाच खोके कुल्फी उघडी पडून वितळत होती. सगळं वऱ्हाड स्टेजसमोर दाटीवाटीने बसलं होतं. नवरीची आजी उमाबाई खुर्चीवर बसून, हातांना शाल गुंडाळून, गार वहीचं पान जपून उलटत होत्या. बाकीच्या वह्या आहेरातल्या नव्या टॉवेलांत गुंडाळून ठेवल्या होत्या.

“‘वरपक्षाकडील मामा पहिल्या पंगतीस डावलले म्हणोन रुसले,’” उमाबाई वाचत होत्या. “‘दोन घटका समजूत घातली. जिलबीचे नाव काढताच उठले.’”

हशा झाला. नवऱ्याचा मामा, जो सकाळपासून फेट्याचा रंग पसंत नाही म्हणून कोपऱ्यात तोंड फिरवून बसला होता, तो उठून पुढे आला. “नाव काय लिहिलंय मामांचं?”

उमाबाईंनी नाव वाचलं.

“आमचे पणजोबा!” मामा ओरडला आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसला.

“आजी, आगे क्या हुआ?” मराठी वाचता न येणारी पोरं मागून ओरडली.

“थांबा रे, पान चिकटलंय.”

उदाजीरावांच्या पणजोबांनी वीस वर्षांत संस्थानातल्या प्रत्येक लग्नातला प्रत्येक रुसवा लिहून ठेवला होता. कोण रुसलं, कशावरून, किती वेळ, आणि कशाने उठलं. समोर बसलेली निम्मी घराणी त्यात होती. इरावती राजीनामा साफ विसरली. ती खाली सतरंजीवर बसली आणि कधी “मग? उठल्या का विहीणबाई?” असं विचारू लागली ते तिचं तिलाही कळलं नाही.

तासाभराने उदाजीरावांनी तिला बाजूला बोलावलं. तिने एका दमात सगळं कबूल केलं. कसर, कारखाना, बिननावाचा खोका.

“चूक सर्वस्वी माझी आहे, काकासाहेब.”

“बाई, शंभर वर्षं आम्ही या वह्यांना गंधफूल वाहिलं. वाटायचं, आत तह असतील, लढाया असतील.” उदाजीरावांनी चष्मा पुसला. “पणजोबांची फार भीती वाटायची मला. आज पहिल्यांदा ते आवडले. उरलेल्या दोन्ही पेट्या देऊन टाकायच्या ठरवल्यात.”

इरावतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मी उद्याच गाडी पाठवते!”

“आपण तसदी घेऊ नका. आपल्याकडे सहा महिने होत्या, एक पान उलटलं नाही. यांच्याकडे बारा दिवस होत्या आणि तीनशे माणसांनी ऐकल्या. मी आत्ताच यांच्याशी बोलून घेतलं.”

इरावतीने वळून पाहिलं. वितळलेल्या कुल्फीच्या खोक्यांपाशी अंशुल फोनवर ऑर्डर लिहून घेत होता.

“हां भिया, कन्नोदच्या लग्नाला पण पाठवतो. बोला, कुल्फी किती खोके, आणि वह्या किती?”